एकशे अठ्ठेचाळिसावं पान

“एकही खूण राहता कामा नये,” वाचनालयाच्या मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी खोडरबरांचा अख्खा डबा काकांच्या हातात ठेवला. “सोमवारी तपासणी आहे. साहेब पुस्तकं उघडून बघतात. मागच्या वेळी त्यांना नेमक्या मिशा सापडल्या.”

“कुणाच्या मिशा?”

“मुखपृष्ठावरच्या बाईच्या. पेन्सिलीनं काढलेल्या. हसू नका. गाडीतली सगळी पुस्तकं चाळा, दिसेल ते खोडा.”

फिरत्या वाचनालयाची गाडी मागच्या आवारात उभी होती. काका डबा घेऊन गाडीत चढले, दार अर्धं लोटलं आणि स्टुलावर बसले. गेली एकोणतीस वर्षं ही गाडी तेच चालवत होते. चालवायची, थांब्यावर उभी करायची, बाजूची फळी खाली पाडायची, कार्डं घ्यायची, पुस्तकं द्यायची, तारखेचा शिक्का मारायचा. ड्रायव्हरही तेच आणि कारकूनही तेच. बारा थांबे, प्रत्येक थांब्यावर पंधरा दिवसांनी फेरी. साऱ्या गावाला ते ‘गाडीवाले काका’ म्हणून ठाऊक होते. एवढी पुस्तकं वाहिली, पण एकही शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “पोस्टमन काय पत्रं फोडून वाचतो?”

पंधरा-वीस पुस्तकं झाली. कुठे गणितं, कुठे फोन नंबर, कुठे नुसतंच बाण लागलेलं काळीज. मग हातात आली ती निळ्या कव्हरची कादंबरी. कव्हरवर एक मुलगी, एक मुलगा आणि दोघांच्या मध्ये सायकल. पुस्तकाचा कणा सुटत आलेला. हे पुस्तक काकांना चांगलं माहीत होतं, कारण ते गाडीत कधी टिकतच नसे. परत आलं की तिथल्या तिथे दुसरी पोरगी उचलायची.

त्यांनी पहिलं पान उघडलं. समासात गोल, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘जिच्या कुणाच्या हाती हे पुस्तक पडेल तिला. पहिली तीस पानं कंटाळवाणी आहेत. सोडू नकोस, माझी शपथ. एकतिसाव्या पानावर तो येतो.’

काकांनी खोडरबर टेकवलं, आणि उचललं. एकतिसावं पान काढलं. तिथे त्याच गोल अक्षरात: ‘आला!’ त्याच्याखाली तिरकं अक्षर: ‘एवढ्यासाठी तीस पानं? याला तर सायकलची साखळीपण बसवता येत नाही.’ आणि त्याखाली जांभळ्या पेन्सिलीत: ‘म्हणूनच तर आवडतो.’

काका एकटेच हसले. चार अक्षरं होती. गोल, तिरकं, जांभळं आणि चौथं मुंगीसारखं बारीक, पानाच्या अगदी कडेला, कुणाला अडचण नको अशा बेतानं लिहिलेलं. चार मुली, बहुधा चार थांब्यांवरच्या. एकमेकींना कधी पाहिलेलंही नसणार. पुस्तक गाडीतून या थांब्यावरून त्या थांब्यावर जायचं आणि त्यांच्या गप्पा पुढे सरकायच्या.

‘एकोणसाठावं पान आईसमोर वाचू नकोस,’ गोल अक्षर बजावत होतं. ‘तसं काही नाही, नुसता हात धरतात. पण आपला चेहरा आपल्या ताब्यात राहत नाही.’

‘माझा राहिला,’ तिरकं.

‘खोटारडी,’ जांभळं.

‘मी न्हाणीघरात वाचलं,’ मुंगी.

काका एक एक ओळ खोडत गेले. खोडायची म्हणून वाचत होते की वाचायची म्हणून सावकाश खोडत होते, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर मात्र समास वरपासून खालपर्यंत भरलेला होता. सगळं मुंगीचं अक्षर.

‘मी इथपर्यंतच वाचलं. रविवारी मला मावशीकडे पाठवणार आहेत. तिला बाळ झालंय आणि हाताशी कुणी नाही. शाळा बंद. पुस्तक आज परत करायलाच हवं. गोल अक्षरवाली, तू म्हणालीस शेवटी रडू येतं पण चांगलं रडू येतं. ती त्याला पत्र देते का, एवढंच मला हवं होतं. तुम्ही सांगालही, पण मला कुठे सांगणार? बाकीच्यांनो, तुम्ही वाचा. चांगलं आहे.’

काकांचा हात थांबला.

पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड त्यांनी बाहेर काढलं. परत आल्याची तारीख कालची. थांबा पाण्याच्या टाकीचा. आणि मग चेहरा आठवला. हडकुळी पोर, रांगेत कायम शेवटची, कडेवर धाकटा भाऊ. काल ती फळीपाशी घुटमळली होती. “काका, हे पुस्तक महिनाभर ठेवता येईल का? फक्त एकदाच?”

आणि काका मान वर न करता म्हणाले होते, “पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल.”

तिने पुस्तक ठेवलं होतं. “बरं काका,” म्हणाली होती.

त्या दिवशी पुढचं एकही पुस्तक खोडून झालं नाही. काका खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून बघितले, पुन्हा वर चढले. खोडरबर हातात, आणि हात चालेना.

घरी बायकोनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा समोर येऊन बसली. “अहो, काय घोळतंय मनात? मघापासून त्या खुर्चीवरून या खुर्चीवर करताय. खुर्च्या झिजतील.”

त्यांनी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, “कुणाची मुलगी, कुणाची मावशी. तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय?”

“लावून घेत नाही. लागलंय.”

“तुमच्या बहिणीचं असंच झालं होतं ना?”

काका उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांना ही नोकरी लागली आणि त्याच महिन्यात आई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वडील आधीच गेलेले. बहीण नववीत, वर्गात पहिल्या पाचात. नोकरी कच्ची, रजा मिळणं शक्य नाही. “तात्पुरतं,” असं सगळे म्हणाले होते. मामा म्हणाला, शेजारीण म्हणाली, ते स्वतःही म्हणाले. शाळा सोडल्याचा दाखला आणायला तेच गेले होते. पालकाच्या जागी सही त्यांची होती. काम पंधरा मिनिटांत झालं होतं.

शुक्रवारी सकाळी गाडी काढण्याआधी ते बहिणीच्या शिवणाच्या दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. जुने कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, चेन बदलायची. ती एका पँटीची पट्टी दुमडत होती. तोंडात टाचण्या.

“तुला ते दिवस आठवतात का गं?”

तिने भुवयांनीच विचारलं, कुठले?

“तुझी शाळा सुटली ते.”

बहिणीनं टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि उशीत खोचल्या. “दादा, डॉक्टरनं काही सांगितलंय का तुला? सकाळी सकाळी हे काय काढलंस?”

“नाही गं. असंच.”

“शाळा सुटली नाही,” ती म्हणाली. “सुटते ती घंटा झाल्यावर. माझी काढली.”

काका स्टुलाच्या काठावर बसले.

“मी खिडकीत उभी होते त्या दिवशी. मला वाटत होतं, शाळेतल्या मोठ्या बाई नाही म्हणतील. सही करायला कुणीतरी नसेल. नाहीतर तू विसरशील, तू काय कमी विसरभोळा होतास? मग तू कोपऱ्यावर दिसलास. हातात कागद होता, आणि चुरगळू नये म्हणून तू तो किती जपून धरला होतास.” तिने पँट झटकली. “मग मी स्वयंपाकाला लागले.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

मशीनचं चाक तिने हातानं उगाच अर्धं फिरवलं. “राग नाही रे. आईचं कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि तू नोकरी सोडून चाललं नसतं. पण दाखला काढायची काय घाई होती? दोन वर्षांनी आई काठी घेऊन चालायला लागली. तेव्हा पटावर नाव असतं ना, तर मी गेले असते. लहान मुलींत बसले असते. नाव नव्हतं, म्हणून कुणी विषयच काढला नाही. मीसुद्धा.”

“एक मुलगी आहे,” काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

“मग मला कशाला सांगतोस?” बहीण म्हणाली. “माझी वेळ गेली. तिच्याकडे जा.” आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

त्या दिवशी काका एका थांब्याचं वळण चुकले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारच्या सुट्टीत त्यांनी जेवणाचा डबा उघडाच ठेवला आणि कादंबरी एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानापासून वाचायला घेतली. कोण कुणाचा भाऊ आणि कुणाची मैत्रीण, काही कळेना. म्हणून मग मागे गेले, पहिल्या पानावर. पहिली तीस पानं खरोखरच कंटाळवाणी होती. शनिवारी अर्धा दिवस होता. शेवटचा थांबा झाल्यावर रस्त्याकडेला गाडी लावून उरलेली पन्नास पानं त्यांनी स्टेअरिंगवर पुस्तक ठेवून संपवली. मग नाक शिंकरलं, गाडी आवारात नेऊन लावली, किल्ली पहारेकऱ्याकडे दिली आणि निळं पुस्तक पिशवीत घालून पायीच पाण्याच्या टाकीकडे निघाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. पत्ता सभासदांच्या वहीत होता. दारात एक बाई वाटीनं बाळाला भरवत होती. गाडीवाल्या काकांना बघून ती दचकली. “पुस्तक परत केलंय तिनं! माझ्यासमोर घेऊन गेली होती.”

“हो, केलंय. त्यासाठी नाही आलो.”

आतून मुलगी बाहेर आली. मागे जमिनीवर अर्धी भरलेली बॅग दिसत होती. वडील खाटेवर बसून बूट काढत होते. वॉचमनचा खाकी गणवेश, खिशाला शिट्टी. रात्रपाळी करून वर दुसऱ्याचीही पाळी ओढून आलेला माणूस, डोळे लाल.

काकांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. ते म्हणाले, “हिची शाळा बंद करताय असं कळलं.”

“कुणी सांगितलं?” वडिलांनी मुलीकडे बघितलं. मुलीनं काकांकडे.

“पुस्तकात लिहिलं होतं,” काका म्हणाले, आणि त्यांना लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं.

आईच बोलली. “तात्पुरतं आहे हो. माझी बहीण एकटी आहे. नवरा लांब कामाला. बाळ सातव्या महिन्यात झालंय, तळहाताएवढं. मी गेले असते, पण हे अंगावर पितं पोर टाकून कशी जाऊ? बाळ जरा धरलं की येईल ही परत.”

“मीही तात्पुरतंच म्हणालो होतो,” काका म्हणाले. “माझ्या बहिणीला. एकोणतीस वर्षं झाली.”

वडील उठले. एका पायात बूट, एक पाय मोकळा. “साहेब, तुम्ही पुस्तकं वाटता. चांगलं काम आहे. वाटा. पण आमच्या घरात काय करायचं ते तुम्ही शिकवणार? पोर जगली पाहिजे का नाही माझ्या मेव्हणीची?”

“जगली पाहिजे.”

“मग?”

“नका पाठवू असं नाही म्हणत मी,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो त्यांना स्वतःलाच परका वाटला. “पाठवा. पण दाखला काढू नका. तेवढं एक करा. पटावर नाव राहू द्या हिचं. शाळेला सांगा, गावी गेलीय, आजारी आहे, काहीही सांगा. नाव असलं तर माणूस परत जातो. कागद एकदा हातात घेतला की सगळ्यांना वाटतं, झालं, संपलं. मी आणलाय तो कागद. मला माहीत आहे.”

वडिलांनी दुसरा बूट काढला. तो खाटेखाली सरकवला. “बघू,” म्हणाले.

‘बघू’ म्हणजे काय ते काकांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मुलीपुढे धरलं.

तिने घेतलं नाही. “माझे पंधरा दिवस झाले.”

“घे.”

“परत कधी द्यायचं?”

“वाचून झालं की.”

तिने दोन्ही हातांनी घेतलं. मग हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “काका, ती पत्र देते का?”

“मी वाचलंय,” काका म्हणाले. “आणि सांगणार नाही.”

ती हसली. तिला हसताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता.

सोमवारी साहेब आले. मिशा कुठेही सापडल्या नाहीत, पण यादीत असलेलं आणि गाडीत नसलेलं एक पुस्तक सापडलं.

“बुधवारी परत आलं, अशी तुमचीच सही आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मग गेलं कुठे?”

“पुन्हा दिलं.”

“कधी? कुठल्या थांब्यावर?”

“घरी नेऊन दिलं.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या, पण साहेब शेजारीच बसले होते. दुपारी काकांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. एकोणतीस वर्षांतली पहिली. कारणासाठी खाली अर्धं पान मोकळं सोडलेलं होतं. काकांनी बराच वेळ पेन हातात धरलं, मग एकच ओळ लिहिली: ‘वाचकाचे पुस्तक वाचून पूर्ण झाले नव्हते.’ सही केली. बाईंनी ती ओळ वाचली, काकांकडे बघितलं, आणि कागद फाइलला लावला. पुढे त्याचं काही झालं नाही, पण फाइलमधून तो निघालाही नाही.

फेऱ्या चालू राहिल्या. पाण्याच्या टाकीपाशी गाडी लागली की काकांची नजर रांगेच्या शेपटाकडे जायची. तिथे दुसरंच कुणीतरी असायचं. प्रत्येक थांब्यावर पोरी विचारायच्या, “काका, ते निळं? सायकलवालं?” आणि ते म्हणायचे, “बाहेर आहे.” एकीनं चिकाटीनं वहीत नावांची यादीच करायला लावली. जाड वेणीची, पाण्याच्या टाकीच्याच थांब्यावरची, बडबडी. पहिलं नाव अर्थातच तिचं स्वतःचं. तिच्या दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीनं ते वाचलं होतं आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात भुंगा सोडला होता. “तीन महिने होत आले काका! माझं लग्न होईल तोपर्यंत!”

एक दिवस फळी पाडताना काकांना खाकी गणवेश दिसला. मुलीचे वडील रांगेतच उभे होते, पोरींच्या मागे, टोपी काखेत. त्यांचा नंबर येईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक फळीवर ठेवलं.

“ती नाही आली,” ते म्हणाले. “बाळ मध्ये दवाखान्यात होतं. आता बरं आहे. पण अजून... मी भेटून आलो काल.”

काकांनी कागद सोडला. कव्हर निसटू नये म्हणून कुणीतरी कण्याला सुबक टाके घातले होते. पानं उलटत ते पुढे गेले. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे साठ. एकशे एकाहत्तराव्या पानावर लोकरीचा एक धागा खुणेला ठेवलेला होता. त्यापुढे तिने वाचल्याची एकही खूण नव्हती.

“वाचून झालं नाही तिचं,” काका म्हणाले.

“वेळ कुठे मिळतो? बाळ झोपलं की हीपण झोपते.” वडील थांबले. “मी म्हटलं, राहू दे, काका काही म्हणणार नाहीत. तर म्हणाली, नाही बाबा, नेऊन द्या, बाकीच्या मुली थांबल्या असतील.”

जाड वेणीची पोरगी अजून गेली नव्हती. तिने निळं कव्हर बघितलं आणि झेप घेऊन फळीपाशी आली. “माझा नंबर! काका, पहिलं नाव माझं आहे, वही बघा!” काकांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं, मग उघडलं, धागा बघितला, वडिलांकडे बघितलं. वडिलांचं बोलणं तिने ऐकलेलं असणार.

“एकशे एकाहत्तर?” तिने विचारलं. “इथे कुणी थांबतं का?”

“कामात असते,” वडील ओशाळून म्हणाले.

पोरीनं पुस्तक मिटलं. एकदा काकांकडे, एकदा मागे थांबलेल्या मैत्रिणींकडे बघितलं.

“मग तुम्हीच न्या,” तिने पुस्तक वडिलांपुढे धरलं. “माझा नंबर आहे ना? मग मी म्हणते, तिचं होऊ दे आधी. तिला म्हणावं, पळवत वाचू नकोस. शेवटची पानं सावकाश वाचायची असतात, असं माझी मैत्रीण सांगते.”

वडिलांनी काकांकडे बघितलं. काकांनी शिक्का उचलला नाही, वहीही उघडली नाही. नुसती मान हलवली.

वडिलांनी पुस्तक घेतलं आणि तेच वर्तमानपत्र पुन्हा नीट त्याच्याभोवती दुमडलं. मग त्या पोरीला विचारलं, “कितवीत गं तू?”

“दहावीत.”

“हो?” ते म्हणाले. टोपी डोक्यावर घातली, सरळ केली. “आमचीपण दहावीतच आहे.”